समुद्रसपाटीपासून माने गुरुजी

सायकल चालवताना किस्से होत नाहीत, नुसता दम लागतो. किस्से होतात थांबल्यावर, आणि आमचा ग्रुप थांबण्यात पटाईत आहे. तुळजापुरातून साडेपाचला निघायचं, दहाएक किलोमीटर जाऊन चहाला थांबायचं, परत फिरायचं आणि गावात शिरताना पुन्हा चहाला थांबायचं. एवढ्यात काहीतरी पदरात पडतंच. आता इतकं साठलंय की नवा माणूस ग्रुपात आला की आधी त्याला बसवून सगळं सांगावं लागतं. नाहीतर आम्ही "टाकी वर गेली" म्हणून हसतो आणि तो बिचारा आभाळाकडं बघत बसतो.

ग्रुप काही मोठा नाही, चौघंच. मी तहसीलसमोरचा झेरॉक्सवाला. दिवसभर मशीनपुढं उभं राहून पाय सुजतात, म्हणून सायकल. बशीरभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांना स्वतःला सायकल चालवायचा कंटाळा, पण आमची वाटेत पंक्चर झाली तर आम्ही दुसऱ्याकडं जाऊ या भीतीनं येतात. बालाजी द्राक्षबागवाला, वजन कमी करायला आला होता. तो अजून आहे, वजनही आहे.

चौथे माने गुरुजी. तामलवाडीच्या शाळेत पंचवीसेक वर्षं त्यांनी भूगोल शिकवला. तामलवाडी सोलापूर रस्त्याला, घाटाखाली आणि घर तुळजापुरात, घाटावर. बाकीचे मास्तर एसटीनं जायचे. गुरुजी सकाळी सायकलवर घाट उतरायचे आणि शाळा सुटली की चढायचे. त्यामुळं घाट सरकारचा असला तरी गुरुजी त्याला "माझा घाट" म्हणतात, आणि अजून कुणी हरकत घेतलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी गुरुजींच्या छातीत दुखलं. सोलापूरला नेलं, एक स्टेंट बसला. घरी आले तेव्हा साखर बंद झाली होती आणि घाट बंद झाला होता. साखरेचं त्यांना काही वाटलं नाही.

* * *

घाट डॉक्टरांनी बंद केला नव्हता. डॉक्टर सहा महिन्यांनी म्हणाले, "हळूहळू चढा, दम लागला की उतरा." घाट बंद केला प्रशांतनं. प्रशांत म्हणजे गुरुजींचा मुलगा, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मुलगा चांगला आहे. फक्त काळजी फार करतो, आणि ती आकड्यात करतो.

"ते सोलापूरचे डॉक्टर आहेत, बाबा," एवढंच तो म्हणाला.

मग एका शनिवारी तो एक यंत्र घेऊन आला. काडेपेटीएवढं, सायकलच्या हँडलला बसवायचं. चाकाला एक लोहचुंबक, त्यावरून किलोमीटर मोजतं. आणि हवेच्या दाबावरून उंची मोजतं, म्हणजे आज दिवसभरात किती मीटर चढ चढला ते दाखवतं. नकाशा दाखवणारंही एक मिळत होतं, पण त्याची बॅटरी लवकर उतरते म्हणून त्यानं हे घेतलं.

नियम असा. दिवसाला पन्नास मीटर चढ, त्याच्या वर नाही. रोज संध्याकाळी यंत्र फोनजवळ धरायचं, चढाचा तेवढा आकडा आपोआप पुण्याला जातो. फोन मात्र गुरुजींचा नाही, काकूंचा. काकू म्हणजे गुरुजींच्या पत्नी, सुमनकाकू. बोलणं मोजकं, पण घरातली माशी कुठं बसलीय ते त्यांना ठाऊक असतं.

"एक दिवस जरी पन्नासच्या वर गेलं, तर सायकल मी पुण्याला नेणार," प्रशांत म्हणाला. "बाल्कनीत ठेवणार."

"आणि मी?" गुरुजी म्हणाले.

"तुम्ही इथंच राहा."

बशीरभाईंनी यंत्र हातात घेऊन उलटं केलं. खालच्या बाजूला सुईच्या टोकाएवढं भोक होतं.

"हे भोक कशाला ठेवलंय?"

"त्यातनंच हवा आत जाते, चाचा. ते बुजलं तर त्याला काहीच कळणार नाही."

बशीरभाईंनी ते बराच वेळ डोळ्याजवळ धरलं आणि परत दिलं. "माणसाला दोन दिल्यात," ते म्हणाले, "तरी कळंना."

* * *

यंत्र चालू करताना त्याला आधी सांगावं लागतं की आपण आत्ता किती उंचीवर आहोत. प्रशांतनं इंटरनेटवर बघून आकडा टाकला आणि तो पुण्याला गेला. गुरुजींना रात्रभर झोप नाही.

"इंटरनेटनं माझं घर बघितलंय का?" सकाळी चहाच्या टपरीवर त्यांनी विचारलं.

खात्रीची उंची कुठं लिहिलेली असते? गुरुजींच्या मते जगात एकाच ठिकाणी, रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर. आता तुळजापूरला रेल्वे यायलीय, यायलीय, हे मी चड्डीत होतो तेव्हापासून ऐकतोय. म्हणून आम्ही चौघं बालाजीच्या पिकअपमधून धाराशिवला, स्टेशनवर. वीसेक किलोमीटर. वाटेत तीन चहा.

फलाटावर गेल्यावर पाटी सापडली. मी म्हणालो, "पाटीजवळ यंत्र धरा, आकडा टाका, निघू."

"पाटीची उंची नसते ती."

"मग फलाटाची?"

"फलाटाचीही नसते. रुळाची असते."

असं म्हणून गुरुजी फलाटाच्या कडेला पालथे झोपले आणि यंत्र धरलेला हात त्यांनी खाली रुळाच्या दिशेनं सोडला. पांढरा सदरा, पांढरी पँट, वय सदुसष्ट. बाकावर बसलेल्या एका बाईनं ते बघितलं आणि पाण्याची बाटली घेऊन धावत आली. तिच्या मागं आणखी चार माणसं. कुणीतरी कांदा आणा म्हणालं.

गर्दी बघून स्टेशनवरचे एक साहेब आले. "काय झालंय यांना?"

"काही न्हाई," बालाजी म्हणाला. "समुद्र किती खाली हाय ते बघायलेत."

साहेबांनी गुरुजींकडं बघितलं, पाटीकडं बघितलं. गाडीला अजून वेळ होता. "झालं की उठवा त्यांना," म्हणाले आणि गेले. बाईनं बाटली मात्र परत घेतली नाही.

* * *

बालाजीच्या रानात पाण्याची सिमेंटची टाकी आहे. शेजारचा वरचा तुकडा त्यानं नव्यानं घेतला, आणि टाकीचं पाणी तिथं मोटार न लावता, आपोआप जाईल का हा प्रश्न होता. त्याचे वडील म्हणत होते, जाणार नाही. बालाजी म्हणत होता, जाईल. बापलेकांचं चार दिवस बोलणं बंद होतं.

"यंत्र हाय की आपल्याकडं," बालाजी म्हणाला. पाइप दुसऱ्याच दिवशी येणार होता.

रविवारी नऊ वाजता आम्ही रानात. गुरुजींनी यंत्र सायकलवरून काढून हातात घेतलं, आधी टाकीवर ठेवून उंची लिहिली, मग तुकड्याच्या बांधावर ठेवून लिहिली. तुकडा टाकीपेक्षा दोन मीटर वर. म्हणजे वडील बरोबर. बालाजीचं तोंड पडलं.

मग जेवण आलं. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, वांग्याचं भरीत. बोलत बोलत बारा वाजले. निघताना गुरुजी म्हणाले, एकदा खात्री करू. टाकीवर पुन्हा यंत्र ठेवलं, तर टाकी सकाळपेक्षा सात मीटर वर गेलेली. म्हणजे आता टाकी तुकड्याच्या वर, आणि पाणी जाणार.

"जेवल्यावर टाकी वर गेली," बालाजी म्हणाला.

गुरुजींनी समजावलं. ऊन चढलं की हवेचा दाब कमी होतो आणि यंत्राला वाटतं आपणच वर चाललोय. शाळेत शिकवायचे तसं नीट, काडीनं मातीत आकृती काढून समजावलं. बालाजीचे वडील जरा लांब उभे राहून सगळं ऐकत होते. आकृती पूर्ण झाल्यावर ते तांब्या घेऊन आले आणि तुकड्याच्या बांधावर त्यांनी तो पालथा केला.

पाणी वाहत वाहत आमच्याकडं, टाकीकडं आलं. आकृती पुसली गेली.

"मोटार बघून ठेव," ते बालाजीला म्हणाले. चार दिवसांत पहिल्यांदा बोलले.

* * *

मे महिन्यात एका दुपारी वळीव आला. असला आला की बसस्टँडवरचे दोन फ्लेक्स आमच्या गल्लीत आले. त्या दिवशी सकाळी सायकलवरून आल्यावर गुरुजी यंत्र बंद करायला विसरले होते. यंत्र खुंटीवर टांगलेलं, गुरुजी पलंगावर झोपलेले, बाहेर वारं, आणि हवेचा दाब कुठल्या कुठं गेलेला. संध्याकाळी काकूंनी नेहमीसारखं यंत्र फोनजवळ धरलं आणि आकडा पुण्याला गेला. त्र्याऐंशी.

पाच मिनिटांत फोन. मी तिथंच होतो, छत्री न्यायला गेलो होतो.

"बाबा, त्र्याऐंशी मीटर? कुठं चढलात?"

गुरुजी खोटं बोलत नाहीत. त्यांनी थोडा विचार केला. "पलंगावर," म्हणाले.

मग काकूंनी फोन घेतला. "खरं हाय. दोनपासून घोरत होते."

प्रशांतनं ते मान्य केलं, पण शेवटचं म्हणून. "आई, पुढच्या वेळी मी काही ऐकणार नाही. टेम्पो घेऊनच येईन."

काकूंनी फोन ठेवला आणि त्या खुंटीवरच्या यंत्राकडं बघत राहिल्या. "बसल्या जागी चुगली करतंय मेलं," म्हणाल्या.

* * *

गुरुजींचा प्रामाणिकपणा हा आमच्या ग्रुपला लागलेला आजार आहे. पन्नासमध्ये बसणारा रस्ता शोधण्यात आमचा आठवडा गेला. नळदुर्ग रस्त्याला एका पुलापर्यंत जायचं आणि यायचं, की पंचेचाळीसपर्यंत भागतं. एकदा बालाजीची टोपी उडाली, ती आणायला गुरुजी मागं फिरले, आणि गल्लीच्या कोपऱ्यावर येईपर्यंत आकडा एकोणपन्नास झाला. गल्लीचा चढ तीन मीटरचा. घर वर.

गुरुजी कोपऱ्यावर थांबले ते थांबलेच.

"यंत्र बंद करा अन् चला," मी म्हणालो.

"फेरी घरी संपते, कोपऱ्यावर न्हाई."

शेवटी त्यांनीच तोडगा काढला. यंत्र सायकलीचं आहे, त्यांचं नाही. ते चालत किती चढतात हे प्रशांतनं विचारलेलंच नाही. म्हणून सायकल यंत्रासकट कोपऱ्यावरच्या पानपट्टीला लावली आणि गुरुजी चालत घरी गेले. संध्याकाळी काकू फोन घेऊन कोपऱ्यावर आल्या, अख्ख्या गल्लीसमोर त्यांनी फोन सायकलजवळ धरला आणि परत गेल्या. दुसऱ्या दिवशी बालाजीच्या टोपीला नाडी आली, ती काकूंनीच शिवून पाठवली होती.

बशीरभाईंना मात्र यातून आयडिया सुचली. "गुरुजी, सोपं हाय की. यंत्र माझ्या दुकानात ठेवा. तुम्ही आपला घाट चढून या. यंत्र विचारंना, प्रशांत विचारंना."

गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवला. चहा बिनसाखरेचा, त्यामुळं तो खाली ठेवायला त्यांना निमित्तच लागतं.

"बशीरभाई, ती कॉपी झाली."

"कसली कॉपी?"

"पंचवीस वर्षं मी पोरांच्या बाह्या वर करून बघितल्या. आता माझीच बाही वर करायला लावू नका."

त्यानंतर घाटाचा विषय कुणी काढला नाही. गुरुजी स्वतःही काढत नसत. पण नळदुर्ग रस्त्याला वळायच्या आधी रोज ते एक पाय टेकवून थांबायचे आणि सोलापूरच्या बाजूला बघायचे. आम्हीही थांबायचो. मोबाईल बघितल्यासारखं करायचो.

* * *

नवरात्रात आमचं सायकलिंग बंद असतं. सगळे रस्ते चालत येणाऱ्या माणसांनी भरलेले. खंडेनवमीला मात्र सायकली धुऊन पुसून उभ्या करतो. हत्यारांची पूजा, म्हणजे ज्याचं जे असेल त्याची. माझ्याकडं झेरॉक्स मशीन. बशीरभाईंच्या दुकानातल्या पान्यांना आणि पंपाला झेंडूची माळ आम्हीच घालून येतो, ते पेढे देतात.

गुरुजींच्या घरी पाटावर सायकलचा पंप, काकूंचं शिलाई मशीन, गुरुजींचा शाळेतला जुना पृथ्वीचा गोल आणि हे यंत्र. यंत्र पाटावर उलटं पडलं होतं. काकूंनी सगळ्यांना हळदकुंकू लावलं, तसं त्यालाही लावलं. ओलं कुंकू, चांगलं अंगठ्यानं.

दसऱ्यानंतर पहिल्या दिवशी गुरुजी पुलाच्या चढावर थांबले. "इथं रोज चार मीटर येतात. आज शून्य."

"बरंच झालं की," बशीरभाई हळूच म्हणाले, आणि त्यांनी सोलापूरच्या बाजूला बघितलं.

गुरुजींनी त्याच संध्याकाळी प्रशांतला फोन करून सांगितलं, यंत्र बिघडलंय, दुरुस्त होईपर्यंत मी सायकलला हात लावणार नाही. दुरुस्ती माझ्याकडं, कारण बारके स्क्रूड्रायव्हर माझ्याकडं. आणि मला दुकानात फॉर्मची गर्दी. आठ दिवस गुरुजी घरी बसले. काकूंनी आठही दिवस मला फोन केला. पहिल्या दिवशी विचारलं, "कधी जमंल?" आठव्या दिवशी नुसतं म्हणाल्या, "ये."

गेलो तर गुरुजी दळण आणायला गेले होते. काकू म्हणाल्या, त्यांनी तांदळाचे डबे तीनदा लावलेत आणि आता त्यांच्यावर नावं लिहायलेत. मी यंत्र उलटं केलं. भोक लाल. काकूंकडून सुई मागून घेतली आणि कोरलं. वाळलेल्या कुंकवाचा कण बाहेर आला. यंत्र जमिनीवरून उचलून डोक्यावर धरलं, दोन मीटर आले.

"एवढ्यानं बंद पडलं होतं?" काकूंनी विचारलं.

"एवढ्यानंच."

"म्हणजे ह्याला कुंकू लागलं की काहीच कळत न्हाई?"

"काहीच न्हाई, काकू."

"बरं," म्हणाल्या. सुई परत घेतली, पदराला पुसली आणि ब्लाउजला टोचून ठेवली.

* * *

जानेवारीत तामलवाडीच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मेळावा ठेवला. गुरुजींचा सत्कार होता. पोरं म्हणाली, गाडी पाठवतो. पोरं म्हणजे पन्नाशीची, केस पांढरे झालेली. गुरुजी म्हणाले, "गाडी नको. मी जसा यायचो तसा येईन."

प्रशांतला विचारलं. त्यानं हिशेब केला. उतरताना चढ नसतो, म्हणून जायला परवानगी. येताना बालाजीचा पिकअप, त्यात सायकल आणि गुरुजी दोघंही. गुरुजी "बरं" म्हणाले आणि दोन दिवस सकाळच्या फेरीला आले नाहीत. मला वाईट वाटलं. पंचवीस वर्षांचा रस्ता, आणि माणसाच्या वाट्याला निम्माच यावा हे काही खरं नाही.

त्या दिवशी साडेआठला आम्ही त्यांच्या दारात. बालाजी पिकअप घेऊन, मी आणि बशीरभाई सायकलवर. गुरुजींनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला, पँटला क्लिपा लावलेल्या. काकू ताट घेऊन बाहेर आल्या, त्यांनी गुरुजींना कुंकू लावलं, ओवाळलं. गुरुजी पाण्याची बाटली भरायला आत गेले.

काकू सायकलजवळ गेल्या. हँडलवरचं यंत्र त्यांनी काढलं, उलटं केलं, अंगठा ओल्या कुंकवात बुडवला आणि खालच्या बाजूनं दाबून धरला. चांगला दहा आकडे मोजेपर्यंत.

"काकू, वरच्या बाजूला लावतात," मी म्हणालो.

"मला म्हाईत हाय कुठं लावायचं ते."

यंत्र पुन्हा बसवलं. मग पिकअपच्या खिडकीपाशी जाऊन त्यांनी बालाजीला विचारलं, "येताना कसा येणारेस?"

"शाळेतनं दोघांना घेऊन सरळ घरी, काकू."

"त्यांच्या मागं मागं ये. हॉर्न वाजवू नको."

बालाजीला काही कळलं नाही, पण काकूंना परत विचारायची सोय नाही. तेवढ्यात गुरुजी बाटली घेऊन बाहेर आले.

घाट उतरायला वीस मिनिटंही लागली नाहीत. सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. गुरुजींनी भाषण केलं नाही, हजेरी घेतली. जी नावं आठवली ती सगळी. दोन नावांना कुणी "हजर" म्हणालं नाही, तेव्हा ते थोडे थांबले आणि पुढं गेले.

तीन वाजता बालाजीनं पिकअपचं मागचं फळकं पाडलं. गुरुजींनी शाल, नारळ आणि फेटा त्यात ठेवला. सायकल मात्र धरून उभे राहिले.

"गुरुजी, सायकल?"

"शाळा सुटल्यावर मी कसा जायचो?"

मी म्हणालो, "यंत्र काढून ठेवू का?"

"न्हाई. जेवढं चढीन तेवढं दिसू दे. संध्याकाळी प्रशांतला मीच सांगणार. नेली सायकल तर नेली."

घाट तसा मोठा नाही. गाडीतून जाणाऱ्याला कळतही नाही कधी आला आणि कधी संपला. आम्हाला सव्वा तास लागला. गुरुजी तीनदा थांबले. एकदा पाणी प्यायले, एकदा नुसतेच दरीकडं बघत उभे राहिले, आणि एकदा उतरून पन्नास-साठ पावलं चालले. चालताना मी जवळ गेलो तर म्हणाले, "दम लागला की उतरायचं, डॉक्टरांनी सांगितलंय." आणि पुन्हा सायकलवर बसले. मागं बालाजीचा पिकअप पहिल्या गिअरमध्ये, त्याच्या मागं उसाचे दोन ट्रॅक्टर, त्यांच्या मागं एसटी. बालाजी खिडकीतून हात काढून सगळ्यांना दमानं घ्या म्हणत होता. त्यानं हॉर्न वाजवला नाही. मला रडू आलं, सांगायला लाज कसली. बशीरभाईंचेही डोळे भरले होते, ते एसटीच्या धुराला शिव्या देत होते.

वर आल्यावर गुरुजींनी पाय टेकवला, रुमालानं तोंड पुसलं आणि यंत्राकडं बघितलं.

चढ, शून्य मीटर.

त्यांनी यंत्राला बोटानं टिचकी मारली. पुन्हा बघितलं. "आजच? दोन वर्षांत एकदा चढलो, आणि आजच?"

"आमी बघितलं की, गुरुजी," बशीरभाई म्हणाले.

"तुम्ही बघून काय उपयोग? नोंद पाहिजे."

खरंच चिडले होते. मी यंत्र काढून उलटं केलं, बघितलं आणि पुन्हा होतं तसं बसवलं. "घरी गेल्यावर बघू," म्हणालो.

घरी काकू दारातच होत्या. त्यांनी गुरुजींच्या तोंडाकडं बघितलं, मग यंत्र काढून घेतलं आणि फोनजवळ धरलं. आम्ही चौघं ओसरीत बसलो. पाच मिनिटांत पुण्याचा फोन. काकूंनी स्पीकर लावला.

"आई, चढ शून्य आलाय. पिकअप नेला होता ना?"

"दारात उभा हाय," काकू म्हणाल्या. "शाल, नारळ, फेटा, समदं त्यातनंच आलं."

"बरं झालं. मला वाटलं होतं बाबा ऐकणार नाहीत. दे त्यांच्याकडं फोन."

गुरुजी उठले, घसा साफ केला आणि फोनसाठी हात पुढं केला. काकूंनी फोन बंद करून कमरेला खोचला, आत गेल्या, डबा उघडल्याचा आवाज आला, आणि बाहेर येऊन त्यांनी त्या हातावर चिमूटभर साखर ठेवली.